दुपारीच अडखळणारा सीडी प्लेअर : दुरुस्ती की नवा? एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, माणसं आणि यंत्राची कंपनी यांची नावं गाळली आहेत. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा शिल्पनिदेशक आहे आणि जुनी ऑडिओ यंत्रं उघडून बघणं हा माझा आवडीचा उद्योग. त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं.

यंत्र एका निवृत्त संगीत शिक्षिकेचं. वय सत्तरीच्या पुढे, पण घरी अजून मुलंमुली शिकायला येतात. सगळं गाव त्यांना ‘बाई’ म्हणतं, मीही तेच म्हणतो. त्यांच्या धाकट्या दिरांनी १९९८ साली दुबईहून एक जपानी सीडी प्लेअर आणला. एकच तबकडी घेणारा, रुंद, आतला ट्रान्सफॉर्मर हाताला वजन जाणवावं असा. तो, एक ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर एवढ्यावर बाईंचा क्लास चालतो.

बाईंकडे तीनशेच्या आसपास सीडी आहेत. बहुतेक विकत घेतलेल्या: मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरीताई, कुमार गंधर्व, भीमसेनजी. काही मुंबईच्या रिदम हाऊसमधल्या. ते दुकान २०१६ साली बंद झालं. उरलेल्या ३८ सीडी वेगळ्या आहेत. परभणी आकाशवाणीवरून बाईंच्या गुरुजींचं गाणं लागायचं तेव्हा रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून ते उतरवलेलं होतं. शिवाय गावातल्या आणि आसपासच्या बैठकांच्या कॅसेट होत्या. हे सगळं २००४च्या सुमारास एका स्टुडिओतून कोऱ्या सीडींवर उतरवून घेतलं. कॅसेट पुढे बुरशी लागून गेल्या. म्हणजे ते गाणं आता या ३८ तबकड्यांखेरीज कुठेच नाही.

अडचण

उन्हाळा लागला तसा प्लेअर अडखळू लागला. तबकडी घातली की कधी वेळेवर वाचायचा, कधी पडद्यावर ‘नो डिस्क’ यायचं. गाणं लागलंच तर मधेच टिकटिक करून उडी मारायचं. ट्रे बाहेर यायलाही कुरकुर करायचा. लांबलचक ख्याल असला तर नेमकं द्रुत रंगात आल्यावर सूर तुटायचे.

गावातल्या मेकॅनिकने लेन्स पुसली आणि ट्रेचा सैल बेल्ट काढून तिथे साधा रबर बँड बसवला. मग निर्णय दिला : ‘‘लेझर गेलंय बाई. याचं पिकअप मिळत नाही. नवीनच घ्या.’’ कंपनीच्या सेवा केंद्रानेही फोनवर एवढंच सांगितलं की या मॉडेलचे सुटे भाग येणं बंद झालंय.

पुण्याला असलेल्या मुलाने चौकशी केली. बऱ्यापैकी कंपनीचा नवा प्लेअर चाळीस हजारांच्या पुढे जात होता आणि तोही मागवावा लागणार होता. ‘‘आई, घेऊन टाकू. वीस-पंचवीस वर्षं वाजला, अजून किती वाजणार?’’ हे त्याचं म्हणणं. आईवर पैसे खर्च करायची त्याची मनापासून तयारी होती, हे इथे सांगितलं पाहिजे. पैशांची अडचण नव्हती. प्रश्न होता तो योग्य काय याचा.

बाईंनी मला यंत्र दाखवताना एक वाक्य सांगितलं, आणि सगळं प्रकरण त्या वाक्याने फिरलं : ‘‘सर, दुपारी लावलं की अडखळू लालंय, रातच्याला बराबर वाजतंय. लेझर गेलं असतं तर रातीला कसं काय वाजलं असतं?’’

पहिला निर्णय : उघडण्याआधी काय विचारायचं

सीडी प्लेअरचं लेझर म्हातारं होतं हे खरं आहे. त्याच्यातला प्रकाश देणारा डायोड झिजला की प्रकाश कमी पडतो. मग आधी कोऱ्या सीडीवर उतरवलेली गाणी अडतात, कारण त्या तबकड्या कारखान्यात छापलेल्या तबकड्यांपेक्षा थोडा कमी प्रकाश परतवतात. नंतर छापील तबकड्याही जातात. पण हा आजार घड्याळ बघत नाही. दुपारी थकलेलं लेझर रात्री ताजंतवानं होत नाही.

म्हणून मी बाईंना एक काम दिलं. एकच छापील सीडी आणि एकच उतरवलेली सीडी, दोन्ही दुपारी आणि रात्री लावायच्या. कुठे अडलं तो मिनिटांचा आकडा पडद्यावर बघून वहीत लिहायचा. बाई शिक्षिका असल्याने वही अगदी नेटकी आली. तिच्यातून तीन गोष्टी निघाल्या.

दुपारी दोन्ही सीडी कुठेही अडत होत्या आणि त्यात काही नेम नव्हता. रात्री दोन्ही नीट चालत होत्या, उतरवलेलीसुद्धा. पण रात्रीही छापील सीडी ५० मिनिटांच्या पुढे गेली की अडायची. बाईंनी आपणहून तिसरी तबकडी लावून बघितली होती. तीही त्याच सुमारास अडली.

सीडी आतून बाहेर वाचली जाते. पिकअप, म्हणजे लेझर आणि लेन्स बसवलेला भाग, मधल्या भागापासून निघून दांडीवरून कडेकडे सरकत जातो. त्यामुळे वेगवेगळ्या तबकड्या एकाच मिनिटाला अडत असतील तर दोष तबकडीत नसतो, सरकण्याच्या वाटेत असतो. द्रुतच का तुटतं याचं उत्तर इथे होतं. सुरुवातीचं विलंबित तबकडीच्या आतल्या भागात असतं आणि शेवटचं द्रुत कडेला.

म्हणजे एक यंत्र आणि निदान दोन वेगळे आजार. ‘लेझर गेलं’ या एका शब्दात दोन्ही गाडले गेले होते.

दुपारचा आजार

बाईंच्या घरात मल्टिमीटर लावला तेव्हा दुपारी तीनच्या सुमारास लाईट १८२ व्होल्ट होती. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४२-४३च्या घरात असतो, घरोघरी कूलर चालू असतात आणि गावाच्या कडेला शेतीपंप. रात्री दहाला तोच आकडा २२५च्या वर होता.

घरात आणखी काही बिघडत नव्हतं, म्हणून कुणाचं तिकडे लक्ष गेलं नाही. टीव्ही आणि मोबाईलचे चार्जर हल्ली १०० ते २४० व्होल्टपर्यंत कशावरही चालतात, त्यांना १८२चं काही वाटत नाही. पंखा हळू फिरायचा, पण तो उन्हाळ्यात सगळ्यांकडेच हळू फिरतो. या प्लेअरचा वीजपुरवठा मात्र जुन्या पद्धतीचा : लोखंडी ट्रान्सफॉर्मर, डायोड, वीज साठवून पुरवठा एकसारखा ठेवणारा मोठा कंडेन्सर आणि त्यापुढे कायम ५ व्होल्ट देणारी ७८०५ ही रेग्युलेटर आयसी. ही आयसी नीट चालायला तिच्या मागे साधारण ७ व्होल्ट तरी लागतात. २३० व्होल्टवर तिच्या मागे ९ मिळत असतील तर १८०वर जेमतेम ७ उरतात. कंडेन्सर ठणठणीत असला तर तेवढ्यावरही भागतं. तो वाळला असला तर पुरवठ्यात सेकंदाला शंभर वेळा येणारे खळगे भरून निघत नाहीत, त्या क्षणी ५ व्होल्टचे साडेचार होतात आणि लेझरला तबकडीवर धरून ठेवणारी यंत्रणा सुटते.

हा अंदाज होता, तो तपासणं भाग होतं. आयटीआयच्या प्रयोगशाळेत डिमरस्टॅटवर, म्हणजे व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करता येणाऱ्या यंत्रावर, प्लेअर लावला आणि व्होल्टेज हळूहळू उतरवत नेलं. १९०च्या खाली गेल्याबरोबर गाणं अडखळलं, वर नेलं की सुरळीत झालं. पुन्हा खाली, पुन्हा तेच. रात्रीच्या वेळी, थंड खोलीत, बाईंच्या घरची दुपार हुबेहूब उभी राहिली.

कंडेन्सर का वाळला? त्यात द्रव असतो आणि उष्णतेने तो आटत जातो. अशा कंडेन्सरचं आयुष्य दर १० अंश वाढीमागे साधारण निम्मं होतं. बाईंचा प्लेअर ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवलेला होता, आणि ती खोली पत्र्याची.

लेझर खरंच किती थकलंय?

दोन कारणं सापडली म्हणून लेझर निर्दोष ठरत नाही. त्याचंही मोजमाप हवं. या प्लेअरमध्ये सोनीचं केएसएस-२१३ जातीचं पिकअप होतं. हे पिकअप कितीतरी कंपन्यांच्या यंत्रांत बसवलेलं असतं, त्यामुळे कंपनीने भाग देणं बंद केलं तरी पिकअप बाजारात मिळतं. ‘मिळत नाही’ हे मेकॅनिकचं म्हणणं त्याच्या ओळखीच्या दुकानापुरतं खरं असेल.

पिकअपवरच्या चिठ्ठीत कारखान्यातला लेझरचा करंट नोंदलेला होता, ४६.२ मिलिॲम्पिअर. आता तो ५१च्या आसपास भरला. साधारण दहा टक्के वाढ. डायोड झिजला की तेवढाच प्रकाश द्यायला जास्त करंट ओढतो, त्यावरून त्याचं वय कळतं. दहा टक्के म्हणजे उतार लागलाय, पण अजून चालतंय.

इथे एक मोह होतो. पिकअपवर प्रीसेट नावाचा एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की करंट वाढतो आणि मेलेला प्लेअर गाऊ लागतो. पुष्कळ दुकानांत हेच करून यंत्र परत देतात. काही महिने गाणं खणखणीत वाजतं, मग डायोड कायमचा जातो. त्या स्क्रूला हात न लावणं हा या कामातला एक ठरवून घेतलेला निर्णय होता. (कुणी हे काम करणार असेल तर आणखी एक : हा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना जवळपास न दिसणारा. यंत्र चालू असताना लेन्समध्ये कधीही डोकावू नये.)

पर्याय

मुलगा, बाई आणि मी फोनवर बोललो तेव्हा समोर पाच वाटा होत्या.

नवा प्लेअर : वॉरंटी मिळेल, लेझर कोरं करकरीत. पण बाईंनी रिमोट पुढे केला. ‘‘यात ‘ए-बी’ आहे का बघा.’’ गाण्यातल्या एका जागेची सुरुवात आणि शेवट ठरवून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचं ते बटण. मुलांना एक तान बसवायची तर बाई त्यावरच शिकवतात. मुलाने काढलेल्या दोन्ही मॉडेलांच्या माहितीत ही सोय दिसली नाही. चाळीस हजार खर्चून क्लासचं मुख्य साधनच हातचं गेलं असतं.

जुन्या बाजारातला तसाच प्लेअर : मुंबईत मिळाला असता. पण त्याचं वय तेवढंच, कंडेन्सर तेवढेच वाळलेले, आणि आपला आजार निदान आपल्याला माहीत तरी आहे. त्यात कुरिअरचे धक्के.

साधा डीव्हीडी प्लेअर : दोन-अडीच हजारांत येतो आणि सीडीही वाजवतो. बहुतेकांना समोर नीट पडदा नसतो, कितवं गाणं आणि कितवं मिनिट हे बघायला टीव्ही लावावा लागतो. सत्तरीतल्या माणसाला गाण्यासाठी टीव्ही चालू करायला लावणं मला पटलं नाही.

सगळं हार्ड डिस्कवर उतरवणं : मुलाला हे सगळ्यात पसंत. बाईंचा विरोध नव्हता, पण फोनच्या पडद्यावर बोटं सरकवत शिकवायला त्या तयार नव्हत्या.

आणि दुरुस्ती.

मी फोनवर विचारलं, ‘‘प्लेअर राहू द्या. यातलं काय गेलं तर परत मिळणार नाही?’’ थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग बाई म्हणाल्या, ‘‘गुरुजींच्या सीडी.’’

तोवर आम्ही तिघेही यंत्राचाच हिशेब करत होतो. वास्तविक प्लेअर बिघडला तर दुसरा मिळतो, मन्सूरांची सीडी खराब झाली तरी ते गाणं कुठे ना कुठे सापडतं. पण कोऱ्या सीडीवर लिहिलेलं गाणं एका रासायनिक रंगाच्या थरात असतं आणि उष्णता आणि उजेड त्याचे शत्रू आहेत. त्या ३८ तबकड्या वीसेक वर्षं पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात होत्या. काहींवर कागदी लेबलं चिकटवलेली, काहींवर बॉलपेनने घट्ट दाबून नावं लिहिलेली. सीडीची नाजूक बाजू वरचीच असते. गाण्याचा थर लेबलाच्या लगेच खाली असतो, खालून मात्र मिलिमीटरभर जाड प्लॅस्टिकचं संरक्षण असतं. खालचा ओरखडा बऱ्याचदा पुसून काढता येतो, वरचा नाही.

ठरलं असं : प्लेअर दुरुस्त करायचा, त्यावर दोन-अडीच हजारांच्या वर खर्च करायचा नाही, आणि मोठा पैसा तबकड्या वाचवायला लावायचा.

काय केलं

वीजपुरवठ्यातले सगळे मोठे कंडेन्सर बदलले. नवे १०५ अंश उष्णतेपर्यंत टिकणारे घेतले, जुने ८५ अंशांचे होते. पिकअपच्या दांडीवरचं आणि दातेरी चाकांवरचं जुनं ग्रीस वाळून चिकट आणि तपकिरी झालं होतं. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढून प्लॅस्टिकला चालणारं हलकं ग्रीस अगदी पातळ लावलं. रबर बँड काढून ट्रेला मापाचा चौकोनी बेल्ट बसवला. लेन्स पुन्हा हलक्या हाताने पुसली. हे सगळं आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलांनी माझ्या देखरेखीखाली केलं. सोल्डरचे डाग मारण्यात त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

पुन्हा डिमरस्टॅटवर चढवलं. आता १७०च्या आसपास येईपर्यंत गाणं हललं नाही. ७० मिनिटांची तबकडी शेवटपर्यंत वाजली.

स्टॅबिलायझर घ्यावा का, असं मुलाने मधेच विचारलं होतं. तो आधीच घेतला असता तर दुपारची तक्रार थांबली असती, पण वाळलेला कंडेन्सर तसाच राहून वर्षा-दोन वर्षांत पुन्हा डोकं वर काढलं असतं. दुरुस्तीनंतर त्याची गरज उरली नाही. गेलेली लाईट परत येताना जो झटका बसतो त्यासाठी मात्र बाईंना सांगितलं आहे, की लाईट गेली की प्लेअरचा पिन काढायचा.

एक सुटं पिकअप घेऊन ठेवावं का, यावर आमचं एकमत नव्हतं. बाजारात जुन्या पिकअपच्या नकला फार आहेत आणि त्यांचा दर्जा सारखा नसतो. शेवटी एक माजी विद्यार्थी हैदराबादला निघाला होता, त्याने कोठीच्या गुजराती गल्लीतून साडेसहाशे रुपयांना आणलं. लेझर डायोड अंगातल्या स्थिर विजेनेही मरतो म्हणून त्यावर कारखान्यात सोल्डरचा एक थेंब टाकून तारा जोडून ठेवलेल्या असतात. बसवताना तारांची पट्टी जोडल्यावर तो थेंब काढायचा असतो. तो तसाच ठेवून, काय करायचं ते चिठ्ठीवर लिहून, पिकअप डबीत बंद केलं.

तबकड्यांसाठी यूएसबीचा बाहेरचा सीडी ड्राइव्ह आणि दोन हार्ड डिस्क घेतल्या. एक बाईंकडे राहील, दुसरी पुण्याला. एका मिनिटाच्या गाण्याला सुमारे १० एमबी लागतात, फ्लॅक पद्धतीने साठवलं तर साधारण निम्मे, आणि त्यात आवाजाचा एक कणही कमी होत नाही. आवाज कापून जागा वाचवणाऱ्या एमपी३ला मी स्पष्ट नको म्हटलं. उतरवायला असा प्रोग्राम वापरला जो प्रत्येक भाग दोनदा वाचून ताडून बघतो आणि चुकलं तिथे नोंद करतो.

ही नोंद महत्त्वाची, कारण प्लेअर आपल्याला खरं सांगत नाही. ट्रॅकवरचा अडीच मिलिमीटरपर्यंतचा तुकडा खराब असला तरी तो हिशेबाने अचूक भरून काढतो, त्याच्या पुढे गेलं तर आजूबाजूच्या आवाजावरून अंदाजाने जोडतो. कानाला काही कळत नाही. टिकटिक ऐकू येते तोवर तबकडी बरीच पुढे गेलेली असते.

निष्पत्ती

प्लेअर आता दुपारी वाजतो आणि द्रुतही पूर्ण होतं. यंत्रावरचा खर्च सुट्या पिकअपसकट अडीच हजारांच्या आत राहिला. ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क मिळून दहा हजारांच्या वर गेले.

३८पैकी २९ तबकड्या निर्दोष उतरल्या. सहांमध्ये काही ठिकाणी चुका निघाल्या, पण गाणं ऐकण्याजोगं आहे. तीन उघडल्याच नाहीत. ड्राइव्ह बदलला की कधी कधी वाचतात म्हणून प्रयोगशाळेतल्या एका जुन्या ड्राइव्हमध्ये त्या घालून बघितल्या, त्यातली एक वाचली गेली. उरलेल्या दोन्हींवर कागदी लेबलं होती. एकीवर गुरुजींची शेवटच्या वर्षांतली बैठक होती. बाईंना ते सांगणं या कामातलं सगळ्यात जड गेलं.

कागदी लेबलं सोलायची नाहीत हे आयटीआयच्या मुलांना पुन्हा पुन्हा बजावलं होतं, आणि त्यांनी ते पाळलं. सोललं तर खालचा थर लेबलासोबत निघून येतो.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

क्रम उलटा ठेवायला हवा. इथे आधी प्लेअर झाला आणि तबकड्यांना हात लागेपर्यंत मे संपत आला. त्या दोन तबकड्या मार्चमध्ये वाचल्या असत्या असं म्हणायला आधार नाही, त्या कदाचित कधीच्याच गेल्या असतील. तरी पत्र्याच्या खोलीतला आणखी एक उन्हाळा त्यांना टाळता आला असता. घरात अशा उतरवलेल्या सीडी असल्या तर प्लेअरच्या निर्णयाची वाट न बघता त्या आधी उतरवाव्यात. त्याला प्लेअर लागतच नाही.

सुटं पिकअप न तपासता डबीत गेलं, हे मला अजून खटकतं. यंत्र उघडं असतानाच ते बसवून, करंट मोजून, परत काढता आलं असतं. त्यात स्थिर विजेची जोखीम दोनदा घ्यावी लागली असती, म्हणून बाईंच्या मुलाचं आणि माझं मत तेव्हा तसं पडलं नाही. आज नकली निघालं तर ते गरजेच्या दिवशीच कळेल.

आणि पुढचा निर्णय आधीच लिहून ठेवला आहे. प्लेअरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय. त्यावर या वेळची मोजमापं आहेत : लेझरचा करंट, रेग्युलेटरच्या मागचे व्होल्ट, कंडेन्सर बदलल्याचा महिना. खाली लिहिलंय की करंट ५५च्या वर गेला आणि उतरवलेल्या सीडी अडू लागल्या तर डबीतलं पिकअप बसवायचं. तबकडी फिरवणारी मोटार गेली तर एकदा शोधून बघायचं. मुख्य बोर्डवरची आयसी गेली तर शोधत बसायचं नाही, ‘ए-बी’ बटण असलेला दुसरा प्लेअर घ्यायचा. बाईंनी तो कागद वाचला आणि मुलाचा फोन नंबर त्यावर स्वतःच्या हाताने लिहिला.